उरलेल्या पैशांची गोळी

तिसरीला नाणी-नोटांचा पाठ आला की मी वर्गात दुकान मांडायचे. मुलांनी घरून रिकामी वेष्टनं आणायची, त्यांवर किंमत लिहायची आणि पुठ्ठ्याच्या नोटांनी खरेदी-विक्री करायची. एका वर्षी पोरांनी पिशव्या उपड्या केल्या आणि मी बघतच राहिले. साबण, चहा, बिस्किटांचे कागद होते. पण त्यांच्याहून जास्त होत्या तंबाखूच्या पुड्या, पानमसाल्याच्या चकचकीत पट्ट्या, बिडीच्या बंडलांचे कागद. देशी दारूच्या बाटलीचं एक बूचही होतं.

किमती मला सांगाव्याच लागल्या नाहीत. साबण केवढ्याला मिळतो हे निम्म्या वर्गाला माहीत नव्हतं. पुडी केवढ्याला, हे सगळ्यांना माहीत होतं. आठ वर्षांच्या एका मुलीनं मला समजावून सांगितलं, "बाई, ही मोठी पुडी एकटी नाय घ्यायची. हिच्याबरोबर ही बारकी घ्यायची, दोन्ही एकात ओतायच्या, मग हलवायचं."

मग गिऱ्हाईक झालेला एक मुलगा पुढे आला. पुठ्ठ्याची नोट टेबलावर ठेवून म्हणाला, "एक पुडी द्या, चुना जादा टाका, आन् उरल्याची गोळी."

कुणी हसलं नाही. त्यांच्या दृष्टीनं त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांचं रोजचंच काम होतं ते.

या आठवड्याचं सदर त्या गोळीवर आहे. उरलेल्या पैशांत मिळणाऱ्या, पोराच्या तळहातावर टेकवल्या जाणाऱ्या त्या लिमलेटच्या गोळीवर.

व्यसनमुक्तीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. तस्करांबद्दल, विमानतळावर पकडलेल्या मालाबद्दल, महानगरांतल्या पार्ट्यांबद्दल बोलतो. ते बोलायलाच हवं. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांच्या हातात पहिलं व्यसन तस्कर ठेवत नाही. आजोबा, वडील, काका, शेजारचे मामा ठेवतात. "जा रे, पळत जा, एक पुडी आण" असं म्हणून ठेवतात. आणि पोरगं पळत जातं, कारण मोठ्यांचं काम ऐकणारं पोरगं शहाणं, असं आपणच त्याला शिकवलेलं असतं.

मीही गेले आहे. सातारा जिल्ह्यात आमचं घर. तात्या, म्हणजे माझे आजोबा, ओट्यावर बसलेले असत आणि त्यांना हाक मारायचीही गरज पडत नसे. नुसता हात खिशाकडे गेला की मी चप्पल शोधायला लागायची. सात वर्षांची असताना मला तंबाखू मळता येत होती. डाव्या तळहातावर चिमूट घ्यायची, नखानं चुना लावायचा, उजव्या अंगठ्यानं रगडायचं, वरून दोन थापा मारून धूळ उडवायची. पै-पाहुणे आले की तात्या कौतुकानं म्हणायचे, "आमच्या पोरीसारखी कुणी मळत नाही." त्या कौतुकासाठी मी अजून दोन घरं फिरले असते. माझी बोटं त्या वासाची सवय घेऊन मोठी झाली.

आजीची तऱ्हा वेगळी. ती तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची. घरभर ठसका उठायचा, आम्ही पोरं अंगणात पळायचो. मग ती पूड डबीत भरून ठेवायची. सकाळी मशेरी लावल्याशिवाय तिच्या तोंडून शब्द निघत नसे. माझी दाढ दुखायला लागली तेव्हा तिनं त्याच डबीत बोट बुडवून माझ्या हिरडीवर फिरवलं. मला घाम फुटला, चक्कर आली, मी ओकले. आजी पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आज जरा कडक झालीया. हुतंय सवयीनं."

माझ्यावर जीव होता तिचा. तिला जे औषध माहीत होतं ते तिनं लावलं. म्हणूनच या बाबतीत कुणाला खलनायक ठरवून हात झटकता येत नाहीत.

आता एक आकडा. २०१९ साली देशभरातल्या शाळांत १३ ते १५ वर्षांच्या मुलांचं तंबाखूविषयी सर्वेक्षण झालं. त्या वेळी तंबाखूचं काही ना काही वापरणारी मुलं होती साडेआठ टक्के. या आकड्यावर थोडीफार चर्चा झाली. खरी झोप उडवणारी ओळ त्याच अहवालात पुढे आहे. धूर न काढता तोंडात धरायची तंबाखू वापरणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी ती दहाव्या वाढदिवसाआधी सुरू केली होती. बिडीच्या बाबतीत हे प्रमाण ४७ टक्के, सिगारेटच्या बाबतीत ३८ टक्के.

दहाव्या वाढदिवसाआधी म्हणजे चौथी-पाचवीच्या आत. आणि आपले कार्यक्रम सुरू होतात आठवी-नववीत. "मुलं आता समजण्याच्या वयात आली" असं म्हणून आपण त्यांना गोळा करतो, तोवर त्यांतल्या काहींच्या तोंडात तंबाखू मुरून तीन-चार वर्षं झालेली असतात.

कार्यक्रमांच्या तारखाही बघा. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे. त्या दिवशी आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. अमली पदार्थविरोधी दिन २६ जून. तेव्हा शाळा नुकत्या उघडलेल्या असतात, पुस्तकं वाटायची असतात, हजेरीपट जुळवायचे असतात, आणि त्या धांदलीत एक फेरी काढायचं पत्र येऊन पडतं. मी बऱ्याच फेऱ्या काढल्या आहेत. मुलं घोषणा देत गावातून जातात. फेरी टपरीवरून जाते तेव्हा टपरीवाले काका कौतुकानं हात हलवतात, पोरंही हात हलवतात, कारण रोजची ओळख असते. संध्याकाळी त्यातलंच एक पोरगं तिथं उभं असतं. हातात दहाची नोट.

फेरीत आम्ही सडलेल्या जबड्यांची चित्रं नाचवायचो. कवट्या, हाडं, साप. मला मनापासून वाटायचं की मुलं घाबरतील आणि दूर राहतील. तसं होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं जगभरचं संशोधन तपासून व्यसन-प्रतिबंधाचे निकष २०१३ साली प्रसिद्ध केले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेसोबत त्यांची सुधारित आवृत्ती काढली. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की नुसती माहिती देणं, भीती घालणं, एकतर्फी व्याख्यान देणं, व्यसनातून सुटलेल्या माणसाला शाळेत उभं करून त्याची कहाणी ऐकवणं, पोलिसांकडून धडे देववणं, यांनी मुलं व्यसनापासून दूर राहतात असं दिसत नाही. काही वेळा उलटाही परिणाम होतो. व्यसनातून सुटलेल्या माणसांचं मोल मोठंच आहे. अवचट दांपत्यानं १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी उपचार घेणाऱ्याला त्यांचा जो आधार मिळतो, तो दुसरा कुणी देऊ शकत नाही. पण तो उपचार झाला. नऊ वर्षांच्या पोराला त्या कहाणीतून एवढंच कळतं की माणूस हे सगळं करूनही शेवटी टाळ्या घेत व्यासपीठावर उभा राहतो.

मग उपयोगी काय पडतं? त्याच निकषांत आहे. आई-बापांना मूल कसं सांभाळायचं याचं साधं प्रशिक्षण. वर्गात मुलाला आपलं वाटेल अशी शिस्त. नकार कसा द्यायचा याचा सराव, तोही एका दिवसाचा नाही, अनेक तासांचा, ओळखीच्या शिक्षकाकडून. आणि वस्तू महाग करणं, ती मिळण्याच्या जागा कमी करणं, वय बघूनच विकणं. यातल्या कशाचाही फोटो चांगला येत नाही. फेरीचा येतो.

तर पुन्हा त्या पुडीकडे. पोराला पुडी आणायला पाठवल्यानं नेमकं काय होतं, यावर मी बरीच वर्षं विचार करत आले आहे. तीन गोष्टी होतात. दुकानदार आणि पोरगं यांच्यातला संकोच संपतो. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा पुडी मागायला जीभ अडखळली असती, ती आठव्या वर्षीच सैल होते. दुसरं, बक्षीस. उरल्याची गोळी. तंबाखू आणि गोड चव यांची गाठ आपण आपल्या हातानं बांधून देतो. तिसरी गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. पोरगं धावत जातं म्हणून मोठ्या माणसाला चालावं लागत नाही. ओट्यावरून उठायचं, चप्पल घालायची, उन्हातून जायचं, परत यायचं, हे सगळं वाचतं. व्यसन आणि माणूस यांच्यामधलं अंतर पोराच्या पायांनी मिटतं. तात्यांना स्वतः जावं लागलं असतं तर दिवसाला चार पुड्या संपल्या असत्या का? त्यांचे गुडघे मला आठवतात. नसत्या संपल्या.

अंतर हीच प्रतिबंधाची खरी वस्तू आहे. जग त्याला उपलब्धता कमी करणं म्हणतं, आणि महागडी सर्वेक्षणं करून सिद्ध करतं.

कायद्याला हे ठाऊक आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सहाव्या कलमानुसार १८ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, ती कुणालाच विकता येत नाही. दंड २०० रुपयांपर्यंत. यापेक्षा कितीतरी कडक आहे २०१५ चा बाल न्याय कायदा. त्याचं ७७ वं कलम सांगतं की मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ७८ वं कलम मुलाकडून दारू वाहून नेण्याबद्दल आहे. त्यालाही शिक्षा तेवढीच.

सात वर्षं सक्तमजुरी! गावोगावच्या ओट्यांवर हे कलम लावायचं म्हटलं तर तुरुंग पुरणार नाहीत, आणि मला आजोबांना तुरुंगात पाठवायचंही नाही. पण इतका गंभीर गुन्हा असलेली गोष्ट आपल्या घरात दिवसातून चार वेळा घडते आणि तिला गुन्हा म्हणतात हे कुणालाच माहीत नाही, ही काय अवस्था आहे? शाळेच्या भिंतीवर 'धूम्रपान निषिद्ध' लिहिलेलं असतं. 'मुलांना पुडी आणायला पाठवू नका' असं रंगवलेली एक भिंत मी आजवर पाहिलेली नाही.

टपरीवाल्यांशी मी बोलले आहे. त्यातले एक शाळेतल्याच दोन मुलांचे वडील. म्हणाले, "बाई, मला कळतंय. पण मी पोराला रिकाम्या हातानं लावलं तर त्याचा बाप येऊन शिव्या घालतो आन् उद्यापासून पलीकडच्या टपरीवर जातो. माझं पोट यावर आहे." खोटं काही नव्हतं त्यात. एकट्या टपरीवाल्यानं नकार द्यायचा म्हणजे एकट्यानं धंदा बुडवायचा. गावातल्या पाचही टपऱ्यांनी एका दिवशी ठरवलं, ग्रामसभेनं ठराव केला, तरच त्याला "मोठ्या माणसाला पाठव, बाळा" म्हणता येईल. दारूसाठी आपल्याकडे आडवी बाटली आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचं दुकान बंद होतं. बायकांनी हे मतदान जिंकून दाखवलं आहे, धमक्या सोसून. पोरांच्या हातात पुडी न देण्याच्या ठरावाला तर मतदानही लागत नाही.

गोळीचंही एक सांगायचं राहिलं. आता ती नेहमी लिमलेटची नसते. टपरीच्या दोरीवर लटकणारी गोड सुपारी असते, रंगीत कागदातली, पोरांच्या खिशाला परवडणारी. घरी कुणी हरकत घेत नाही, कारण त्यात तंबाखू नाही. आणि सुपारी आपल्या देवघरात असते, लग्नात असते, जेवणानंतर ताटलीत असते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तंबाखूच्याच गटात. रोज सुपारी चघळणाऱ्याच्या गालांच्या आतला भाग आखडत जातो, दोरीसारखे पट्टे तयार होतात, तोंड उघडेनासं होतं. तिखट सोसत नाही. पाणीपुरी आख्खी तोंडात जात नाही. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, एवढी साधी परीक्षा आहे. मी ती सातवीच्या वर्गात घेतली आहे. एका मुलाची दोनच बोटं गेली. तो ओशाळून हसला आणि लगेच हात खाली घेतला. शाळांत मुलं तपासायला आरोग्य पथकं येतात, वजन-उंची बघतात, डोळे बघतात. त्यांनी प्रत्येक पोराची ही तीन बोटं बघावीत. पैसा लागत नाही.

वर्गातल्या त्या मुलीच्या दोन पुड्यांचा उलगडा मला नंतर झाला. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रानं गुटख्यावर बंदी घातली, कारण अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार खाण्याच्या पदार्थात तंबाखू मिसळता येत नाही. मग धंद्यानं मिसळणंच गिऱ्हाइकावर सोपवलं. पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. बंदीतली पळवाट आठ वर्षांच्या मुलीला तोंडपाठ होती. सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि बिड्या विकायला राज्यात बंदी आली. निर्णय योग्यच होता. सुटी सिगारेट पोराच्या खिशाला परवडते, आणि सुटी घेतली की पाकिटावरचा इशाराही दिसत नाही, १८००-११-२३५६ हा सोडायला मदत करणारा मोफत क्रमांकही दिसत नाही. कुठल्याही बसस्थानकावर जाऊन बघा, सुटी मिळते. विदर्भातल्या खर्ऱ्याला तर पाकीटच नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटला की झाला तयार. इशारा छापायचा कुठे?

आणि बिडी. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेनं बिडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. सोलापुरात दिवसभर मान खाली घालून बिड्या वळणाऱ्या बायकांचा विचार करणाऱ्याला हा निर्णय दयाळू वाटेल. पण त्या बाईला कराच्या सवलतीतून मजुरी वाढवून मिळेल याची हमी कुणी दिलेली नाही. स्वस्त बिडी मिळण्याची हमी मात्र तिच्या नवऱ्याला आणि मुलाला मिळाली. तिला दुसरं काम द्या. गरिबाची वस्तू म्हणून गरिबाचं विष स्वस्त ठेवायचं, ही दया मला मान्य नाही.

दारूच्या बाबतीत पोराचं काम वाढतं. क्वार्टर आणायची, सोडा आणायचा, चखणा आणायचा, ग्लास धुऊन द्यायचे, बाटली गुपचूप टाकून यायची, आणि शेवटी बापाला हाताला धरून घरी आणायचं. आपल्या राज्यात बिअर प्यायला २१ आणि दारू प्यायला २५ वर्षं पूर्ण लागतात. वाहून न्यायला मात्र आठ वर्षांचं पोर चालतं. दारूचा आपला मूळ कायदा आजही १९४९ चा दारूबंदीचाच आहे. आणि जून २०२५ मध्ये राज्यानं दारूवरचं शुल्क वाढवलं तेव्हा वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल येईल, असा हिशेब मांडला गेला. दारू महाग होणं चांगलंच. महाग दारू कमी प्यायली जाते. पण त्या १४ हजार कोटींतले किती रुपये ज्या घरातून ते आले त्या घरातल्या पोरासाठी ठेवले, हा प्रश्न अर्थसंकल्पात विचारला गेला पाहिजे. रक्कम बाजूला काढून, शाळांच्या नावानं.

कारण उपचाराच्या भरवशावर आपण राहू शकत नाही. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. उरलेले ३७ ओट्यावर आहेत. श्रीमंत देश चुकला तर त्याच्याकडे दवाखाने आहेत, समुपदेशक आहेत, विमा आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ सापडत नाही. आपल्यासारख्या देशाला प्रतिबंध ही चैन नाही, तोच एकमेव परवडणारा दवाखाना आहे.

त्याच सर्वेक्षणातली आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. बहुतेक नशा मोठ्यांत जास्त आणि मुलांत कमी असतात. हुंगायच्या पदार्थांचं उलटं आहे. थिनर, सोल्यूशन, व्हाइटनर असल्या वस्तू हुंगणारी १० ते १७ वयाची मुलं १.१७ टक्के, मोठी माणसं ०.५८ टक्के. रेल्वे फलाटावरच्या पोरांना विचारलं की का हुंगता, तर ती मजा म्हणून सांगत नाहीत. भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, असं सांगतात.

भूक लागत नाही. माझी आजीही हेच म्हणायची. पहाटेपासून राबायचं, पुरुषांची, पोरांची ताटं झाल्यावर उरलं तर खायचं, तोवर मशेरीनं भूक मारायची. गरोदरपणातही. मुंबईतल्या १,२१७ बायकांचा अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात जास्त वापर मशेरीचाच होता, आणि तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. जन्माला येणाऱ्या बाळाच्या अंगावरचे १०५ ग्रॅम. कसलं पोस्टर दाखवणार होते मी माझ्या आजीला? तिला वेळेवर भाकरी हवी होती. उपाशी मुलाला नशेपासून दूर ठेवणारी पहिली गोष्ट शाळेतला दुपारचा गरम भात आहे, असं मी आहार समितीच्या बैठकीत म्हणाले तेव्हा लोकांना ते विषयांतर वाटलं.

माणसं जातात, तेव्हा आपण हळहळतो. राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगानं गेले, १६ फेब्रुवारी २०१५ ला. वय ५७. आमच्या भागातल्या साध्या घरातून वर आलेला माणूस. त्या दिवशी आमच्या गावात दुकानं बंद होती, टपऱ्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी उघडल्या. मी शाळेत जाताना बघितलं, कुणाची तरी चौथीतली मुलगी तिथं उभी होती, बोटांच्या चिमटीत नोट.

वर्गातल्या दुकानाचं पुढं काय झालं ते सांगायचं आहे, आणि त्यात माझी चूकही आहे. त्या दिवशी मी पोरांना म्हणाले, "उद्यापासून कुणी पुडी आणायला सांगितलं तर सांगायचं, मी आणणार नाही." पोरांनी जोरात होकार भरला. दोन दिवसांनी त्या 'उरल्याची गोळी' म्हणणाऱ्या मुलाची आई शाळेत आली. पोराच्या पाठीवर चपलेचा वळ होता. ती रागावली नव्हती, थकली होती. म्हणाली, "बाई, तुम्ही पोराला शिकवलंत. त्याच्या बापाला कोण शिकवणार?"

मोठ्यांशी लढायचं काम मी आठ वर्षांच्या पोरावर टाकलं होतं. मोठी माणसं त्याच्याकडून तेच तर करून घेत होती, आपलं काम त्याच्या अंगावर टाकत होती.

मग मी घरं फिरले. सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी, जेवणाच्या आधी. तंबाखू सोडा असं कुणालाही म्हणाले नाही. एकच मागितलं, "खा, पण आणायला स्वतः जा. पोराला पाठवू नका." लोकांना ते सोपं वाटलं. काहींनी लगेच मान डोलावली, काहींनी दार लावलं. त्या मुलाच्या बापानं ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही.

त्याचे आजोबा मात्र चौथ्या दिवशी शाळेच्या फाटकात आले. काठी टेकत, चिडलेले. "बाई, पोरगं आता जात नाय. माझे गुडघे गेल्यात. मी काय करू?"

मी म्हणाले, "आण्णा, हळूहळू जा. वाटेत पारावर बसा."

ते काही न बोलता गेले. महिन्याभरानं पारावरच भेटले, टपरीच्या अलीकडे, दम खात. मी शेजारी बसले. म्हणाले, "चार पुड्या लागायच्या दिसाला. आता दोनच हुत्यात. तिसऱ्या खेपेला उठवतच नाय."

मग खिशातून एक गोळी काढली, लिमलेटची, आणि मुठीत ठेवली. शाळा सुटायला अजून दहा मिनिटं होती.